दोन शिफारसपत्रं

आमच्या पीएचडीच्या गाइड मॅडमची एक पद्धत होती. शिफारसपत्र हवं असेल तर मसुदा आपणच लिहून न्यायचा. त्या फक्त सही ठोकणार.

पीएचडी संपल्यावर पोस्टडॉकच्या, म्हणजे पुढच्या संशोधनाच्या जागेसाठी पिंपळे सौदागरच्या भाड्याच्या खोलीत बसून मी जगभर ईमेल पाठवत होते. उत्तरं? नावाला नाहीत. शेवटी क्षयरोगावर काम करणाऱ्या एका जर्मन लॅबची जाहिरात आली. जागा एकच, आणि आमच्या लॅबमधून अर्ज करणाऱ्या दोघी: मी आणि माझ्या शेजारच्या बाकावरची, चाकणजवळच्या गावातली, नुकतीच पीएचडी झालेली ज्युनिअर. घरच्यांनी तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर काही जमलं नाही तर भावाच्या ओळखीनं कंपनीत चिकटायचं.

"ताई, माझंबी पत्र तूच लिही ना. आपल्या इंग्रजीची नुसती बोंब हाय," ती म्हणाली.

लिहिलं. माझ्या पत्रात मी 'स्वतंत्र विचारांची', 'असामान्य बुद्धीची'. मेली लाजसुद्धा वाटली नाही! तिच्या पत्रात: मेहनती, आज्ञाधारक, वेळेवर येते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण तिकडं आज्ञाधारक म्हणजे स्वतःचं डोकं नसलेली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एकदा महिनाभर लॅबमधल्या सगळ्यांच्या पेशी मरत होत्या. आम्ही इन्क्युबेटरला शिव्या घालत बसलो. हिनं एकटीनं शोधून काढलं, की पेशींना घालतो त्या सीरमची नवी बाटलीच खराब आहे. ते मी पत्रात लिहिलं नाही. विसरले नव्हते हो, मुद्दाम लिहिलं नाही.

दोन्ही पत्रं सहीला तीच घेऊन गेली. म्हटलं, वाचली तर वाचू दे, स्तुतीच आहे की. मॅडमनी नेहमीप्रमाणे न वाचता सह्या केल्या. मुलाखतीला मला बोलावलं, जागाही मला मिळाली. तिला दोन ओळींचा नकार. दिवाळीनंतर ती चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली, रबरी सील तपासायला.

व्हिसा आला तसं मन खायला लागलं. तिच्या सुट्टीच्या दिवशी तिच्या घरी गेले. तिच्या आईनं हातावर पेढा ठेवला. "लई केलंस बाई आमच्या पोरीसाठी," म्हणाल्या. तो पेढा मी तसाच हातात धरून ठेवला.

आई आत गेल्यावर ओट्यावर बसून मी सगळं बोलून टाकलं. आज्ञाधारकही सांगितलं, सीरमचंही. शरमेनं तिच्याकडं बघवत नव्हतं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "सहीला जाताना दोन्ही वाचली होती मी."

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस? भांडायचंस तरी!"

"भांडू कशावरनं, ताई? मला वाटलं, तुला मी तेवढीच दिसते."