तक्रारीचा रकाना

आमच्या धाकट्या जावेबद्दल सांगायचं तर एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. मी तिच्यावर जळते. गेली अकरा वर्षं जळते आहे. शेजारपाजारचे म्हणतात, तुमच्या घरी जावा-जावा अगदी बहिणींसारख्या राहतात हो! राहतो की. बहिणी काय एकमेकींवर जळत नाहीत?

ती लग्न होऊन आली तेव्हा मला या घरात अकरा वर्षं झाली होती. सासूबाईंना चहा किती कडक लागतो, मामंजी चष्मा कुठे विसरतात, नळ किती वाजता जातो, सगळं मला तोंडपाठ. ही आली आणि आठव्या दिवशी सासूबाई तिला म्हणाल्या, "तू आलीस आणि घर कसं भरल्यासारखं वाटतंय बघ." मी मागे भांडी विसळत होते. म्हणजे अकरा वर्षं घर रिकामंच होतं तर.

धाकटी दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. दंतवैद्य जबड्याचं माप पाठवतात आणि ही मेणात एकेक दात बसवून कवळी घडवते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, तासन्‌तास मान खाली. कंटाळा नाही, चिडचिड नाही. सासूबाई जुन्या कवळीने तीन वर्षं बेजार होत्या. हिने नवी करून दिली आणि त्या संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्यांना बोलावून कचकन सफरचंद चावून दाखवलं. तेव्हापासून त्यांच्या तोंडी कायम हिचंच कौतुक. का नसावं? तोंडातले दातही हिचेच.

मी घरी पडदे शिवते. लोकांच्या खिडक्या झाकते. त्यात कौतुक करण्यासारखं काय असणार?

गाडी दोघा भावांनी मिळून घेतली, नऊ वर्षांपूर्वी. पांढरी, आपोआप गीअर बदलणारी. पण आमचे हे पाळीच्या नोकरीत आणि भावजी महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, त्यामुळे गाडी खरी आम्हा दोघींच्याच हातात. धाकटीला लग्नाआधीपासून येत होती. मला तिनेच शिकवली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. मी दोन्ही पाय एकदम वापरायची, ब्रेकवर एक आणि अ‍ॅक्सिलरेटरवर एक. ती म्हणायची, "ताई, डावा पाय घरी ठेवून यायचा." शिकवताना एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ह्यांना सांगायला काहीतरी मिळालं असतं.

दीड वर्षापूर्वी सासूबाईंना डायलिसिस सुरू झालं. मंगळवार आणि शुक्रवार. धाकटीने लॅबमध्ये वेळ बदलून घेतली. ती चालवायची, सासूबाई तिच्या शेजारी, आणि मी मागच्या सीटवर औषधांची पिशवी मांडीवर घेऊन. एकदा मी म्हटलं, "आई, आज मी चालवते." तर म्हणाल्या, "नको गं. तू चालवतेस तेव्हा मला रस्त्याकडे बघत बसावं लागतं." एवढंच म्हणाल्या. पण माझ्या काळजात ते कुसळासारखं रुतलं. बावीस वर्षं या बाईचं दुखलंखुपलं मी काढलं आणि विश्वास ठेवायची वेळ आली की धाकटी. मला बाकी काही नको होतं. त्यांनी आपणहून माझ्या शेजारी बसावं, एवढंच.

आता मामंजींच्या वहीबद्दल सांगायला हवं. ते बस डेपोत टाइमकीपर होते. निवृत्त झाले पण डेपो त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. गाडीत एक वही ठेवली आहे. जो चालवेल त्याने तारीख लिहायची, निघतानाचा किलोमीटरचा आकडा, परतल्यावरचा आकडा, नाव, आणि शेवटचा रकाना तक्रारीचा. काही नसेल तर "नाही" असं लिहायचं. कोरा सोडलेला चालत नाही. रोज संध्याकाळी मामंजी ती वही वाचतात, लोक पेपर वाचतात तशी. आणि तक्रार दिसली की चौकशी समिती बसते. मी एकदा प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "फाटकाला बारीक घासली." त्या फाटकाचा विषय घरात दोन वर्षं चालला. पाहुणे आले तरी त्यांना आधी फाटक दाखवायचे, मग चहा.

तर दहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. मी पडद्यांचे गठ्ठे पोचवायला निघाले होते. सिग्नल सुटला, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि काहीच झालं नाही. एक, दोन मोजेपर्यंत गाडी नुसती उभी. मग एकदम झटका देऊन पळाली आणि गीअर बदलताना खाली धाडकन काहीतरी आदळल्यासारखं झालं. माझा पाय पंचवीस वर्षं शिलाई मशीनच्या पेडलवर आहे. पेडल दाबलं आणि सुई उशिरा उचलली तर मला लगेच कळतं. हे माझ्या पायाचं नव्हतं, गाडीचं होतं.

घरी आले, वही उघडली. तक्रारीच्या रकान्यावर पेन टेकवलं. आणि मनात आलं, लिहिलं की सगळे म्हणणार, थोरलीने बिघडवली. नाही लिहिलं तर एक ना एक दिवस धाकटीच्या हातात बिघडेल. आईंच्या समोर. मग बघू, त्यांना कोणाच्या शेजारी निवांत वाटतं ते.

मी लिहिलं, "नाही."

असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी स्वतःला सांगायची, अजून एवढं काही नाही, पुढच्या वेळी लिहू. मनातून मात्र मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू?

तो दिवस सहा आठवड्यांनी, एका शुक्रवारी उगवला. नदीवरच्या पुलाचा चढ आहे, तिथे गाडी अर्ध्यावर गेली आणि दम लागल्यासारखी मंदावली. धाकटी अ‍ॅक्सिलरेटर दाबते आहे, इंजिन नुसतं गुरगुरतंय, गाडी सरकत नाही. स्टिअरिंगसमोर धोक्याचा पिवळा दिवा लागला. मागे एक ट्रक होता. त्याने असा भोंगा वाजवला की सासूबाईंनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. मग गाडीने पुढे एक उडी घेतली, पुन्हा थांबली. मी मागे पिशवी पोटाशी घट्ट धरून बसले होते. ज्या क्षणाची सहा आठवडे वाट बघितली तो समोर होता.

धाकटीने चारही दिवे लुकलुकते केले, गाडी उताराने मागे येऊ न देता हळूहळू कडेला घेतली, बंद केली. म्हणाली, "आई, पाच मिनिटं बसू या. तिला जरा श्वास घेऊ दे." पाच मिनिटांनी चालू केली आणि बैलगाडीच्या वेगाने दवाखान्यात नेली. सव्वा तास उशीर झाला. सासूबाईंची खुर्ची दुसऱ्या पेशंटला दिली होती. त्यांना थांबावं लागलं, पाय सुजलेले, ओठ कोरडे. आणि एवढं होऊन त्या नर्सला काय सांगत होत्या? "माझी सून होती म्हणून वाचलो."

घ्या! मी खोदलेल्या खड्ड्यावरून ही धाकटी पालखीत बसून गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी थांबामिस्त्रीकडे नेली. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. कुणी काही सांगायला लागलं की तो हात वर करून "थांबा" म्हणतो, म्हणून थांबामिस्त्री. मामंजी वही घेऊन आले होते, शिवाय आम्ही दोघी.

मामंजी म्हणाले, "गीअरबॉक्स गेलाय."

"थांबा," मिस्त्री म्हणाला. त्याने स्टिअरिंगखाली एक वायर खोचली आणि हातातलं यंत्र बघत बसला. मग बॉनेट उघडून एक काळी पडलेली झडप दाखवली. "हे थ्रॉटल. इंजिनाला हवा इथून जाते. ही काजळीने अडकायला लागली. तुम्ही पाय दाबता तेवढी ती उघडत नाही, आणि गीअरबॉक्सला चुकीचा निरोप जातो. त्याला कळेना कुठला गीअर टाकू, म्हणून तो आपला तिसऱ्यावर अडून बसतो. मूळ दुखणं इथलं. पण इतके दिवस झटके खाऊन आता आतल्या क्लचच्या चकत्याही झिजल्यात. गीअरबॉक्स उतरवावा लागेल. पहिल्यांदा झालं तेव्हाच आणायची होतीत ना, अर्ध्या तासाचं काम होतं."

"पहिल्यांदा कालच झालं," मामंजी ठासून म्हणाले. "वहीत नोंद नाही."

"थांबा. काल नाही, काका. नऊ वेळा झालंय. कितव्या किलोमीटरला झालं ते यात साठवलेलं असतं." आणि तो आकडे वाचायला लागला.

मामंजींनी वही उघडली. मिस्त्री आकडा सांगणार, मामंजी बोट फिरवत ओळ शोधणार. "धाकटी. तक्रार, नाही. थोरली. तक्रार, नाही. थोरली. नाही. धाकटी. नाही..." नऊपैकी पाच माझे होते, चार तिचे. आणि मला त्या भीतीतही एक गोष्ट लख्ख कळली. पहिला आकडा तिचा होता. तिलाही ठाऊक होतं, माझ्या आधीपासून.

मामंजींनी चष्मा काढला. "ही वही काय शोभेला ठेवलीय? बोला."

धाकटी बोलली. "बाबा, माझं चुकलं. मला वाटलं, ताईंच्या हातून काही झालं असेल. लिहिलं असतं तर सगळे त्यांनाच बोलले असते, त्या फाटकाच्या वेळेसारखे. मी या महिन्यात गुपचूप दाखवून आणणार होते, लॅबमधून सुटी मिळेना." मग माझ्याकडे बघून हसली. "आणि ताईंनीही माझ्यासाठीच लिहिलं नसणार. हो ना ताई?"

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. मामंजींनी वही मिटली, चष्मा पुसला आणि पुटपुटले, "दोघी सारख्याच वेड्या."

गाडी अकरा दिवस गॅरेजमध्ये होती. सासूबाईंना भाड्याच्या गाडीने न्यायचो, आणि त्या अकरा दिवसांत त्यांनी जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली. नर्सला, शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटला, फोनवर नणंदेला. "एकमेकींना बोलणी बसू नयेत म्हणून दोघी गप्प राहिल्या बघा." एका दुपारी माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "थोरले, तू बोलत नाहीस, पण तुझ्या मनात किती माया आहे गं. मलाच दिसली नाही." बावीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. आणि ते मिळालं तेव्हा मला तोंड लपवायला जागा नव्हती.

बाराव्या दिवशी गाडी आणायला आम्ही दोघीच गेलो. गॅरेजच्या दारातच धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही चालवा." मी बसले, किल्ली फिरवली, पण गाडी काढली नाही.

"एक सांगायचंय," मी म्हटलं. "मी तुझ्यासाठी नव्हते गप्प. गाडी तुझ्या हातात बंद पडावी म्हणून गप्प होते. तू आईंच्या समोर तोंडघशी पडावीस म्हणून."

मला वाटलं ती रडेल, किंवा दार उघडून उतरून जाईल. ती समोर बघतच म्हणाली, "आई गाडीत होत्या, ताई. पुलावर."

"माहीत आहे."

मग तिने पट्टा लावला. "हे घरी सांगू नका. त्या फार खूश आहेत सध्या."

मी नाही सांगितलं. मंगळवारी सासूबाई आपणहून म्हणाल्या, "आज थोरली चालवेल," आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. धाकटी मागे, पिशवी घेऊन. मला हवं होतं ते सगळं मिळालं, तिच्या हातून. आणि सासूबाई दवाखाना येईपर्यंत तिचंच कौतुक करत होत्या, "हिने सांगितलं म्हणून कळलं गं तुझं मन."

त्याला आता आठ महिने झाले. धाकटीने ती गोष्ट कुणाला सांगितली नाही, भावजींनाही नाही. माझ्याशी वागण्यात तसूभर फरक नाही. मी कधी कधी मुद्दाम तिच्याशी भांडण उकरून काढते, वाळत घातलेल्या कपड्यांवरून, दुधावरून, कशावरूनही. टोचून टोचून बोलते. वाटतं, एकदा तरी तिने चिडून ते माझ्या तोंडावर फेकावं, म्हणजे आम्ही फिट्टंफाट होऊ.

ती फेकत नाही.