चार कागदांवरच्या चार टोप्या

ज्यांच्या श्रमांवर आपण भाषणं करतो, त्यांचं काम आपण कधी दहा मिनिटं गप्प बसून पाहिलं आहे का?

मी पाहिलं नव्हतं. वडील नागपुरात पत्रकं छापायचे. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. विसाव्या वर्षी स्वतः लिहू लागले, आणि सत्तरच्या दशकातल्या एका पावसाळ्यात पत्रकांचा गठ्ठा घेऊन मौद्याजवळ आत्याच्या गावी गेले.

आत्या एकटी धान करायची. तिचा ट्रॅक्टर जुना, पेट्रोलवर सुरू होऊन मातीच्या तेलावर, म्हणजे रॉकेलवर, चालणारा. त्याचं इंजिन मिस्त्रीने छपरीत उघडलं होतं. आठ दिवसांत बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, लावणीसाठी चिखल झाला नाही तर रोपं जून होणार, हे आत्या रोज बोलून दाखवायची. गावातले बैल ज्याच्या त्याच्या बांधीत गुंतलेले.

धुतलेले भाग ठेवायला मिस्त्रीने कागद मागितले. आत्याने माझ्या गठ्ठ्यातून चार काढून दिले. चार पिस्टनचे चार रॉड, प्रत्येकाच्या खाली बोल्टने आवळायची लोखंडी टोपी. इतक्या वर्षांत प्रत्येक टोपी आपल्याच रॉडशी बसलेली, दुसऱ्याशी जुळायची नाही. जोड्यांचे नंबर आधीच कुणीतरी कानशीने घासून टाकले होते, म्हणून एका कागदावर एक जोडी. हे सगळं मला नंतर कळलं.

मिस्त्री जेवायला गेला. कामगारांच्या सन्मानावरचं माझं पत्रक काळ्या तेलात भिजताना पाहून माझं डोकं फिरलं. मी चारही कागद उचलले आणि लोखंड एका घमेल्यात ओतलं.

परतल्यावर तो घमेल्याकडे पाहत राहिला.

"काहून वं बाई, हे कोनं केलं?"

"मी. पत्रकं खराब होत होती."

"कोनती टोपी कोन्या कागदावर होती, आठवते का तुले?"

चारही पत्रकांचे मथळे मला तोंडपाठ होते. टोपी एकही आठवेना.

"भाषन पाठ हाये तिले," आत्या म्हणाली. "ट्रॅक्टर भाषनावर चालवजो गा मिस्त्री."

मग तो अंदाजाने जोड्या लावू लागला. आवळायचा, हँडल मारायचा, फिरायचं नाही. पुन्हा उघडायचा. मी पाना धरू का विचारलं, तर म्हणाला, "तू बस." मी बसले. तीन दिवस नुसती बसले.

चौथ्या दिवशी हँडल जड का होईना, फिरलं. ट्रॅक्टर बांधीत उतरला. दुसऱ्या फेरीला खालून ठोके ऐकू आले, आणि मिस्त्री बंद करेपर्यंत रॉड तुटून इंजिनाच्या कुशीतून बाहेर आला. ते इंजिन त्या मोसमात पुन्हा सुरू होणार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आत्याने एक रोप उपटून माझ्या हातावर ठेवलं. देठाला गाठ आली होती; रोप जून झालं होतं. तिने ती नखाने मोडून दाखवली. त्या वर्षी तिची बांधी पाण्याने भरलेली, रिकामीच राहिली. मी माफी मागितली; त्या माफीने बांधीत काय फरक पडणार होता?

तुमच्या घरी कुणी काही उघडून मांडलं असेल, तर त्याखालचा कागद उचलण्याआधी मांडणाऱ्याला विचारा. तो जेवायला गेला असेल, तर थांबा.