न्यूट्रलमध्ये उतरलेला घाट

गिंडीच्या कारखान्यात मी गाड्यांचे ब्रेक तपासते. तापवून तापवून ते कधी दगा देतात ते बघायचं, हेच माझं रोजचं काम. पण गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं चेन्नईहून येरकाडला गेलो, तेव्हा घाटात गाडी नवऱ्याच्याच हातात होती. घाटात बायकांनी गाडी चालवायची नसते, असं त्याच्या घरात सगळ्यांना वाटतं.

चढताना छान वाटलं. कॉफीच्या मळ्यांवर धुकं उतरलं होतं, काच खाली केली की गारवा आत यायचा. परतताना उतार लागला आणि त्याने गाडी न्यूट्रलला टाकली. पेट्रोल वाचतं म्हणे. मी म्हटलं, "दुसऱ्या गिअरवर उतरव. सगळा भार ब्रेकवर येतोय."

तो म्हणाला, "तू धुकं बघ."

मी धुकं बघितलं. काही वळणांनंतर जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल खालपर्यंत जाऊ लागलं. मी हँडब्रेक हळूहळू ओढत नेला, तेव्हा कुठे गाडी डोंगराच्या कडेला घासत थांबली. ब्रेक निवेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

अण्णा नगरला घरी आल्यावर जेवताना त्याने सासूबाईंना सांगितलं, "हल्ली ब्रेक नीट बनवतच नाहीत. आणि ही तर केवढी घाबरली होती."

सासूबाई मला म्हणाल्या, "घाबरायचं काय त्यात? तो होता ना बरोबर."

या हिवाळ्यात कोडाईकनालला जायचं ठरलंय. ब्रेक नवे टाकलेत. नवरा तोच आहे.