पाण्याच्या ग्रुपवरची गोष्ट

आमची वसाहत जालना रस्त्याच्या बाजूला, शेतात प्लॉट पडून उठलेली. घरं वाढत गेली, नळ मात्र आले नाहीत. त्या कोरड्या वर्षांत आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. त्याची वेळ कळावी म्हणून गल्लीने मोबाइलवर ग्रुप काढला होता. तो सगळे वाचायचे, म्हणून बायकोने आपली पहिली गोष्ट त्यावरच टाकली.

गोष्ट टँकरची होती. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "लई भारी लिहिलं. पण टँकर कुठवर आला ते काय तुमच्या गोष्टीत सापडंना."

एका टँकरमध्ये शंभर ड्रम भरतात, असं तिने लिहिलं होतं. टँकर दहा हजार लिटरचा, ड्रम दोनशेचा; म्हणजे पन्नास. मी सांगितल्यावर तिने ते दुरुस्त केलं आणि गोष्ट एका दिवाळी अंकाला पाठवली. ती घेतल्याचं कळलं. छापून येणारं तिचं हे पहिलंच लिखाण.

महिनाभराने संपादकांचा फोन आला. तीच गोष्ट त्यांच्या मेव्हण्याने त्यांना पाठवली होती. खाली 'लेखक अज्ञात' असं होतं आणि शेवटी पाणी वाचवण्याचा उपदेश कुणीतरी जोडला होता. ही नक्की तुमचीच का, असं त्यांनी विचारलं.

माझ्या मते उत्तर सोपं होतं. फिरत असलेल्या गोष्टीत शंभर ड्रम होते, म्हणजे ती आमच्याच ग्रुपवरून निघाली. ग्रुपवरचा मूळ मेसेज तारखेसकट पाठवायचा आणि नाव कुणी काढलं ते तिथंच विचारायचं.

ती म्हणाली, "माझी हाय हे सिद्ध होईल. पण आधी मीच वाटली, हे त्यांना कोण सांगणार?"

ग्रुपवर तिने अवाक्षर काढलं नाही. संपादकांना चार ओळींची मेल केली: गोष्ट माझी आहे, तुमच्याकडे पाठवण्याआधी मी ती ग्रुपवर टाकली होती, हे तेव्हाच कळवायला हवं होतं, अंकात घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. त्यांनी गोष्ट अंकातून काढून टाकली. अंकाला कुठंही न आलेलं साहित्य लागतं, पंधरवड्यात दुसरं काही देता येईल का, असं मात्र विचारलं.

तिने दुसरी लिहिली. या वेळी आकडे पाठवण्याआधी तपासले. गल्लीला कुणकुण लागली आणि टँकरची वाट बघताना वहिनींनी टोकलं, "टाका की ग्रुपवर. आम्ही काय परके हाव?"

"ग्रुपवर नाय. इथंच ऐका," म्हणून तिने घरातून कागद आणले आणि उलट्या ड्रमवर बसून वाचायला घेतली. अर्ध्यावर टँकर आला. सगळ्या पाइपाकडे पळाल्या.

दिवाळीत अंक आला. वहिनींनी पानं चाळली आणि म्हणाल्या, "ही तर आम्हाला ठाव हाय."

"अर्धीच," बायको म्हणाली.

वहिनी अंक घरी घेऊन गेल्या.