आपल्यातली बाई

लेकरू सांभाळायला बाई शोधत होतो, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी एकच गोष्ट विचारली. "आपल्यातली हाय का?" सासूबाईंनी विचारलं, नणंदेनं फोनवर विचारलं, पूर्णेला रेल्वेत नोकरीला असलेल्या नवऱ्यानंही विचारलं. आणि मी एसटीत कंडक्टर, फाटकी नोट आली तर उजेडात धरून बघणारी बाई, मीही तेवढंच विचारून गप्प बसले. आज आठवलं तरी स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

लेक चौदा महिन्यांची होती. गंगाखेडात आम्ही दोघीच, आणि माझी ड्युटी सकाळी लवकरची. सासूबाई राणीसावरगावहून आल्या आणि आम्ही कुणीतरी सुचवलेल्या एका बाईचं घर बघायला गेलो. कपाळाला भस्म, देवाजवळ समई, लख्ख घासलेली भांडी. सासूबाईंनी आडनाव विचारलं, माहेर विचारलं, मामाचं गाव विचारलं. पाचव्या मिनिटाला नातं निघालं. "घ्या! घरचीच निघाली की!" म्हणत त्या चहाला बसल्या. तुमच्याकडं लेकरं किती, रडली तर काय करता, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. नात्यातल्या बाईला असलं विचारलं तर तिचा मान जातो ना! जळो तो मान.

दोन महिने लेक रडेना की हट्ट करेना. संध्याकाळी आणायला जावं तर डोळे अर्धे मिटलेले, दोन घास खाल्ले की आडवी. नजर लागली म्हणून मधे येऊन गेलेल्या सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी डेपोत सांगत फिरायचे, माझी पोरगी लय गुणाची. लाज वाटते, पण मला ते बरंच वाटायचं. थकून आल्यावर झोपलेलं लेकरू कुणाला नको असतं?

मग एक दिवस सोनपेठच्या वाटेवर गाडी बंद पडली, पुढची फेरी रद्द झाली आणि मी दुपारीच मोकळी झाले. थेट तिच्या घरी गेले. चार लेकरं ओळीनं झोपलेली. मी उघडं दार वाजवलं, कडी आपटली, एकानंही कूस बदलली नाही. लेकीला उचललं तर मान एकीकडं पडली. तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले. डोळे उघडले आणि परत मिटले. खिडकीत खोकल्याच्या औषधाची बाटली होती, शेजारी चिकट चमचा. कडीच्या आवाजानं बाई आतून बाहेर आली.

"काय पाजलंस हिला?"

"सर्दी होती जरा."

"चौघांलाबी?"

"वरडायलीस कशाला? आमच्या सासूनं आमच्या लेकरांला अफूची गोळी दिली. मेली का ती?"

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. अख्खी गल्ली गोळा झाली. तशीच लेकीला उचलून दवाखान्यात पळाले. डॉक्टरांनी तिला संध्याकाळपर्यंत नजरेसमोर ठेवलं. "अजून जास्त पाजलं असतं तर श्वासच थांबला असता," ते म्हणाले. दिवेलागणीला ती नीट जागी झाली.

घरी आलो तर खबर ऐकून गावाहून आलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "झालं ते झालं. नात्यातली हाय, बोभाटा करू नको."

"आन् ही कुणाची हाय मग?" मी लेक त्यांच्यापुढं धरली. त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि लेकीला कडेवर घेऊन त्या बाईच्या दारात उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येक आईला सांगितलं. दोघी तिथूनच परत फिरल्या. तिसरी कापडाच्या दुकानात कामाला होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मला ठावं हाय, ताई," ती म्हणाली.

"ठावं हाय आन् तरी आणतीस? आई हायस का कोण?"

"रडणारं लेकरू ती ठिवून घेत न्हाई. दुसरं कुणी घेतच न्हाई. तुमी सांभाळता का?"

"आण इकडं!" मी रागातच तिच्या हातातून लेकरू ओढून घेतलं. दिवसभर दोघांना सांभाळलं. तिचं ते लय रडलं, आणि मी रडू दिलं.

पण एवढी एकच रजा होती. रात्रीच नवरा आमच्या लेकीसाठी सुट्टी काढून पूर्णेहून आला. सकाळी ड्युटीवर जाताना मी त्या गल्लीतून गेले. ती कापडाच्या दुकानातली आई लेकरू घेऊन परत त्याच दारात उभी होती.