सेंटवाली गंगू

शिरढोणच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची दहा-बारा घरं आहेत. तिथली गंगू लग्न झाल्यापासून दर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर, देवजीबरोबर, वीटभट्टीवर जायची. देवजीने चिखल मळायचा, विटा दोघांनी मिळून पाडायच्या. मूलबाळ नव्हतं, पण एकमेकांवर जीव होता. २०११च्या त्या हंगामात मात्र विटा उचलताना तिची कंबर धरली ती सुटेना. देवजीनेच तिला माघारी धाडलं. "तू घरी ऱ्हा. मी येतो बाजाराच्या सुट्टीला," म्हणाला.

घरी बसून पोट भरत नाही. कोन गावाच्या बाजूला एका शेडमध्ये सेंटच्या बाटल्या भरायला बायका हव्या होत्या. पुरुषांचा सेंट, खास उन्हाळ्याचा. हिरवट बाटली, तिच्यावर लिंबाची फोड आणि कोटातला एक गोरा बाप्या. गंगूने नळीखाली बाटली धरायची, फवारा बसवायचा, एकदा दाबून बघायचा. पंख्याखाली बसून काम, कंबरेला त्रास नाही. मोसंबी सोलल्यासारखा वास दिवसभर अंगावर उडायचा, लुगड्यात आणि केसांत मुरायचा. तिला मौज वाटायची. वाडीतल्या बायका हसायच्या, "आली गं सेंटवाली!"

देवजी सुट्टीला आला तेव्हा ती पळतच सामोरी गेली. त्याने पिशवी खाली ठेवली आणि तो होता तिथेच थांबला.

"ह्यो कुनाचा वास हाय?"

"कामावरचा. बाटल्या भरते ना मी."

"ह्यो बाप्याचा वास हाय, गंगू. भट्टीवरच्या मुनीमाला असाच येतो."

"अरे, बाप्यांचाच सेंट हाय तो! त्योच भरतो आमी."

देवजी हात उगारणारा माणूस नव्हता. पण तिने वाढलेली भाकरी त्याने बाजूला सारली. सकाळी गंगूने कामाला सुट्टी टाकली आणि ओढ्यावर जाऊन राखेने अंग घासलं, कातडी लाल होईपर्यंत. तरी केसांतून वास येतच होता. शेवटी ती म्हणाली, "चल. तुज्या डोल्यांनी बघ."

गेटवरच्या वॉचमनने देवजीला आत सोडलं नाही. गंगूने फार विनवण्या केल्या, तेव्हा सुपरवायझर तुळशीराम बाहेर आला. स्वभावाने थट्टेखोर माणूस. भरताना सांडलेला सेंट तोही रोज अंगाला चोळायचा.

"काय गंगू, सुट्टीच्या दिवशीपण करमत नाही होय आमच्याशिवाय?" तो हसत म्हणाला.

त्याच्या मनात काहीच नव्हतं. पण गंगूने घाईने देवजीकडे बोट केलं. "सायेब, ह्याला सांगा ना, आमी काय भरतो ते!" तुळशीरामने सांगितलंही, खिशातून बाटली काढून दाखवली. देवजीचं लक्षच नव्हतं. तो त्या माणसाकडे बघत त्याच्या अंगाचा तोच वास नाकात ओढत होता. मग वळला आणि रस्त्याला लागला.

गंगूने काम सोडलं. पुढच्या सुट्टीला देवजी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर भट्ट्या बंद झाल्या, वाडीतली माणसं परतली. देवजीचा भाऊ काशिराम मान खाली घालून म्हणाला, "वैनी, त्यो तिकडंच ऱ्हायला. मालकाच्या जागेवर राखनीला."

गंगू त्याला आणायला गेली. रिकाम्या भट्टीशेजारी तो एकटाच बसला होता, गालफडं बसलेली. तिने पदर त्याच्या नाकापुढे धरला.

"घे. बघ. येतो का वास?"

देवजीने खरंच वास घेतला. "नाय येत," तो म्हणाला. "तू खोटी नसशील, गंगू. पन माज्या डोक्यातून त्यो जात नाय. भाकर खायला घेतली तरी येतो. मी काय करू, सांग."

आणि तो रडायला लागला. तीही रडली. त्याला शिव्या द्यायच्या ठरवून आली होती, त्यातली एकही तोंडातून निघेना. उन्हं कलल्यावर त्याने तिला एसटीत बसवून दिलं.

दिवाळीनंतर भट्टीवर मजूर न्यायला मुकादम वाडीत आला. भट्टीवर नवरा-बायकोची जोडी लागते. एकट्या बाईला कोण नेणार? आणि तो वास पुन्हा अंगाला लागेल म्हणून त्या शेडची पायरी चढायची तिची छाती नव्हती. ती रानातून मोळी आणून पनवेलच्या बाजारात बसू लागली. गावात घरोघरी गॅस आलेला. कोणी थांबलंच तर मोळीकडे बघून पुढे जायचं. कंबर पुन्हा धरू लागली होती. उठताना ती शेजारच्या भाजीवालीला हाक मारायची, दोघी मिळून मोळी गंगूच्या डोक्यावर चढवायच्या आणि तीच लाकडं घेऊन ती परत वाडीची वाट धरायची.