जळक्या ऑइलचा डबा

परवा खेडला स्कूटर दुरुस्तीला टाकली. गॅरेजवाल्याने जळकं ऑइल डब्यात ओतलं आणि त्या वासाने माझं डोकंच फिरलं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आमच्या तांबड्या पाडीला गजकर्ण झालं. डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी गोल चट्टे उठले आणि तिथले केस झडले. गुरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं. हातमोजे घालून, कोमट पाण्याने खपल्या मऊ करून काढायच्या आणि मलम चोळायचं. तीन आठवडे मी रोज ते केलं. मानेवर मखमलीसारखी बारीक लव आली, तेव्हा माझे सासरे, आबा, स्वतः वाकून बघून गेले.

मग गणपतीला मुंबईहून धाकटे दीर आले. एका दुपारी मी विहिरीवरून परतले, तर पाडी काळी चकचकीत दिसली. आबांनी दावं धरलं होतं आणि दीर चिंधीने जळकं ऑइल फासत होते.

"वयनी, मलमान काय होताय? दोन दिसात बघा!"

"अहो, कातडी जळेल तिची!" मी डबा हिसकावून अंगणात भिरकावला.

आबा म्हणाले, "जाऊ दे गो, चार दिसांसाठी आलाय तो."

पाडीची कातडी सोलवटली. मानेवर केस पुन्हा आले, पण डाव्या डोळ्याभोवतीची जागा कायमची उघडी राहिली.

कित्येक वर्षं मी दिरांवर चिडून होते. पण त्यांना खरंच काही कळत नव्हतं. आबांना सगळं कळत होतं, तरी लेकाला 'नको' म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.